पाळी 'पुढे ढकलणे' : एका गोळीचा आणि एका क्रियापदाचा इतिहास

काही वर्षांपूर्वी आमच्या मराठी विभागाची अभ्याससहल ऋद्धपूरला न्यायचे ठरले. लीळाचरित्र ज्या गावात सिद्ध झाले ते गाव विद्यार्थ्यांनी डोळ्यांनी पाहावे, एवढाच साधा हेतू. तारखा सूचना फलकावर लागल्या आणि दुसऱ्याच दिवशी द्वितीय वर्षाच्या चार विद्यार्थिनी विभागात आल्या. सहल आठवडाभर पुढे ढकलता येईल का, असे त्यांनी विचारले. गाडी ठरली होती, मुक्कामाची सोय झाली होती. आम्ही नकार दिला. त्यावर त्यांच्यातली एक हसत म्हणाली, "मग आम्हीच ढकलतो." आम्हांला क्षणभर अर्थबोध झाला नाही. झाला तेव्हा आम्ही तितकेच ओशाळवाणे हसलो आणि विषय बदलला.

विषय बदलला खरा, पण तो मनातून गेला नाही. भाषा शिकवणाऱ्यांना एखादे क्रियापद अडून बसते, तसे ते 'ढकलणे' आमच्यापाशी अडून बसले. परीक्षा पुढे ढकलतात, लग्नाची तारीख पुढे ढकलतात, सुनावणी पुढे ढकलतात. ज्या गोष्टीची तारीख माणसाने ठरवली, तीच माणूस पुढे ढकलू शकतो. देहधर्माला हे क्रियापद मराठीत कधी लागले? आणि ते लागण्याआधी जगात काय काय घडावे लागले? प्रस्तुत टिपण हा त्या प्रश्नाचा माग आहे.

१

आधी शब्दांकडे पाहू. 'पाळी' म्हणजे खेप, वेळ, क्रम. पाणी भरण्याची पाळी, राखणीची पाळी, कारखान्यातली रात्रपाळी. आपल्यावर 'येते' ती पाळी. आपण तिला बोलावत नाही आणि परतवतही नाही. या शब्दाच्या आजूबाजूला जे इतर शब्दप्रयोग आहेत ते पाहावेत : बाहेरची होणे, बाजूला बसणे, शिवायचे नसणे, अडचण असणे, कावळा शिवणे. यांतला एकही शब्द रक्ताविषयी बोलत नाही. ते सगळे जागेविषयी आणि स्पर्शाविषयी बोलतात. बाई घरात कुठे बसेल, कशाला हात लावणार नाही, हेच त्यांतून कळते. घरातल्या लहान मुलांना 'आईला कावळा शिवला' असे सांगत, तेव्हा एक अख्खी समाजव्यवस्था त्या बिचाऱ्या पक्ष्याच्या पंखावर ठेवलेली असे.

ही व्यवस्था केवळ व्यवहारात नव्हती. ती कथेत आणि व्रतातही होती. भाद्रपद शुद्ध पंचमीला ऋषिपंचमीची कहाणी वाचतात. त्या दिवसांत स्वयंपाकघरातल्या वस्तूंना शिवली म्हणून एका ब्राह्मणाची बायको पुढल्या जन्मी कुत्री होते आणि तिच्या संसर्गाने नवरा बैल होतो. दोघेही आपल्याच मुलाच्या दारी राबतात. व्रत करणारीने त्या दिवशी बैलाच्या श्रमाचे अन्न खायचे नाही, असा दंडक आहे. अजाणता झालेल्या स्पर्शाचीही ही भरपाई. पाळी गेलेल्या बायकाही हे व्रत श्रद्धेने करतात, म्हणजे देहातली गोष्ट संपली तरी मनातला हिशेब चालूच राहतो.

पण मराठी परंपरेत याचा प्रतिवादही तेवढाच जुना आहे, हे आपण विद्यार्थ्यांना आवर्जून सांगायला हवे. महानुभाव वाङ्मयात चक्रधरांचा युक्तिवाद येतो तो असा : डोळे, नाक, कान यांतून मळ बाहेर येतो, तसाच हा एक स्राव, तो येतो आणि थांबतो, त्याचा विटाळ कसला? तेराव्या शतकातला हा विचार आजही वर्गात वाचून दाखवला की मागच्या बाकांवर शांतता पसरते. चौदाव्या शतकात चोखोबांची पत्नी सोयराबाई देहाच्या विटाळाचा प्रश्न विठ्ठलापुढेच मांडते, आणि ज्या देहातून सगळे जन्मले तो देह अशुद्ध कसा, या पेचात शास्त्र्यांना पकडते. एकीकडे कहाणी, दुसरीकडे लीळा आणि अभंग. मात्र या दोन्ही बाजूंना एक गोष्ट समान मान्य होती : पाळी आपल्या वेळेला येणार. वाद तिच्या अर्थाचा होता, तिच्या तारखेचा नव्हता.

२

तारीख माणसाच्या हाती आली ती विसाव्या शतकात, आणि तिची वाट मेक्सिकोच्या जंगलातून जाते.

बीजकोशातून बीज बाहेर पडल्यानंतर तिथे जी पीतपिंड नावाची ग्रंथी तयार होते, तिच्यातून प्रोजेस्टेरोन हे संप्रेरक स्रवते. गर्भाशयाचे अस्तर तेच टिकवून धरते. गर्भ राहिला नाही तर साधारण दोन आठवड्यांत ही ग्रंथी विरते, प्रोजेस्टेरोनची पातळी उतरते आणि अस्तर गळते. तीच पाळी. म्हणजे पाळी हा एक आधार काढून घेतल्याचा परिणाम आहे. तो आधार बाहेरून चालू ठेवला तर अस्तर गळणार नाही, एवढ्या एका वाक्यात पुढचा सारा इतिहास सामावलेला आहे. १९२१ साली ऑस्ट्रियातील इन्सब्रुकच्या लुडविग हाबरलांट यांनी सशांवरील प्रयोगांतून संप्रेरकांनी तात्पुरते वंध्यत्व आणता येईल असे दाखवले. १९३४ साली प्रोजेस्टेरोन शुद्ध स्वरूपात हाती आले. पण ते प्राण्यांच्या ग्रंथींतून मिळवायचे म्हणजे प्रचंड खर्च आणि हाती येणार चिमूटभर.

रसेल मार्कर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने ही कोंडी फोडली. रानटी कंदांतील एका द्रव्यापासून प्रोजेस्टेरोन बनवता येते हे त्याने ओळखले आणि १९४२ साली त्या कंदाच्या शोधात तो मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझ प्रांतात गेला. आपल्याकडे कोनफळ ज्या कुळातले, त्याच कुळातला हा कंद. १९४४ साली मेक्सिको सिटीत 'सिंटेक्स' ही कंपनी उभी राहिली. मार्करचे भागीदारांशी बिनसले आणि वर्षभरात तो निघून गेला. पण काम थांबले नाही. पुढे 'बार्बास्को' नावाचा अधिक सरस कंद सापडला आणि मेक्सिकोतले हजारो गरीब शेतकरी तो खणून विकू लागले. जगभरच्या बायकांच्या पाळ्यांचे वेळापत्रक ज्या पदार्थाने पुढे बदलले, त्याची माती या माणसांच्या नखांत होती.

प्रोजेस्टेरोन तोंडावाटे घेतले तर फारसे लागू पडत नसे. म्हणून तोंडाने घेता येईल असे कृत्रिम रूप हवे होते. सिंटेक्समध्ये जॉर्ज रोझेनक्रान्झ आणि कार्ल जेरासी यांच्या मार्गदर्शनाखाली लुइस मिरामोंतेस या २६ वर्षांच्या मेक्सिकन रसायनशास्त्रज्ञाने १५ ऑक्टोबर १९५१ रोजी ते तयार केले. त्याचे नाव नॉरएथिस्टेरोन. आज आपल्या गावातल्या औषधाच्या दुकानात पाळी पुढे ढकलण्यासाठी जी गोळी मिळते, ती बहुधा हीच.

यापुढचा एक तपशील आम्हांला फार बोलका वाटतो. १९५७ साली अमेरिकेत नॉरएथिस्टेरोनला आणि त्याच जातीच्या 'एनोव्हिड' या दुसऱ्या गोळीला परवानगी मिळाली, ती गर्भनिरोधनासाठी नव्हे, पाळीच्या तक्रारींसाठी. गर्भनिरोधक म्हणून एनोव्हिडला मान्यता मिळाली १९६० साली आणि नॉरएथिस्टेरोनच्या गोळीला १९६२ साली. ज्या गोळीने विसाव्या शतकातली एक मोठी सामाजिक उलथापालथ घडवली असे आपण म्हणतो, ती जगाच्या दारातून आत आली ती पाळीचे नाव सांगून.

३

मग गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बाईला दर महिन्याला पाळी का येत राहिली? ग्रेगरी पिंकस आणि जॉन रॉक या दोघांनी एनोव्हिडचे वेळापत्रक बसवले. सुमारे तीन आठवडे गोळी, मग काही दिवस खाडा. या खाड्यात आधार सुटतो आणि रक्तस्राव होतो. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने ही खरी पाळी नव्हे. औषध थांबवल्यामुळे होणारा तो स्राव. खाडा दिला नसता तर तोही झाला नसता. रॉक हे श्रद्धाळू कॅथलिक होते. निसर्गाची लय न मोडता तिला थोडा आधार देणारे औषध, अशी या गोळीची मांडणी करून धर्मपीठाची मान्यता मिळेल अशी त्यांना आशा होती. १९६३ साली त्यांनी त्यासाठी पुस्तकही लिहिले. दर महिन्याचा स्राव बाईला 'सगळे ठीक आहे' असा दिलासा देई, हेही कारण होते. पोप सहावे पॉल यांनी १९६८ सालच्या परिपत्रकात ही मान्यता नाकारली. रॉक यांची आशा विरली, पण २८ दिवसांचे पाकीट राहिले.

कारण गेले तरी आचार उरतो, हे आपल्याला नवे नाही. १९७७ साली एडिंबरा येथील डॉक्टरांनी सुमारे दोनशे स्त्रियांना तीन महिन्यांतून एकदाच खाडा देऊन पाहिले आणि बहुतेकींना ते आवडले. २००३ साली अमेरिकेत वर्षाला चारच वेळा पाळी आणणाऱ्या आणि २००७ साली मुळीच न आणणाऱ्या गोळ्यांना मान्यता मिळाली. ब्रिटनमधील प्रजनन-आरोग्याच्या तज्ज्ञसंस्थेने २०१९ साली स्पष्टच सांगितले, की सात दिवसांच्या खाड्याचा आरोग्याला काही लाभ नाही. धर्मपीठाकडे डोळे लावून आखलेला आचार जवळजवळ साठ वर्षे पाळला गेला, आणि तो प्रयोगशाळेच्या देखरेखीखाली पाळला गेला. ऋषिपंचमीच्या कहाणीला हसणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे.

४

या इतिहासात महाराष्ट्र कुठे आहे? हाबरलांट यांनी ज्या साली सशांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्याच १९२१ साली मुंबईत र. धों. कर्वे यांनी संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. ते महाविद्यालयात गणित शिकवत. या कामापायी त्यांना नोकरी सोडावी लागली, हे आम्हां प्राध्यापक मंडळींनी अधूनमधून आठवलेले बरे. जुलै १९२७ पासून अखेरपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' चालवले; खटले सोसले; १९३४ सालच्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटल्या. गांधीजींनी कृत्रिम साधनांना विरोध केला आणि संयमाचा आग्रह धरला. याच सँगरबाईंनी पुढे पिंकस यांना गोळीच्या संशोधनाकडे वळवले आणि कॅथरिन मॅकॉर्मिक या धनाढ्य स्त्रीने त्यासाठी पैसा पुरवला. कर्वे १९५३ साली वारले. गोळी बाजारात आली ती त्यानंतर चार वर्षांनी.

पण हा इतिहास केवळ मुक्तीचा नाही. गोळीची पहिली मोठी चाचणी १९५६ साली प्वेर्तो रिकोतल्या गरीब स्त्रियांवर झाली. आपण एका प्रयोगाचा भाग आहोत, हे त्यांना नीट सांगितले गेले नव्हते. तिथल्या कामाची जबाबदारी सांभाळणाऱ्या डॉ. एड्रिस राइस-रे यांनी मळमळ, चक्कर, डोकेदुखी यांची नोंद करून इशारा दिला, तेव्हा तो फारसा मनावर घेतला गेला नाही. तीस वर्षांनी तोच प्रसंग आपल्या शेजारी घडला. नॉरएथिस्टेरोनपासूनच बनवलेले 'नेट-एन' हे दीर्घकाळ टिकणारे इंजेक्शन भारतात चाचणीसाठी आले. १९८५ साली हैदराबादजवळच्या पाटनचेरू येथील शिबिरात ते घेण्यासाठी जमलेल्या बायकांना पुरेशी माहितीच दिलेली नव्हती, हे स्त्री शक्ती संघटनेच्या कार्यकर्त्यांनी उघड केले. १९८६ साली हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

रेणू एकच. एका हाताने दिला तर बाईच्या मुठीत तिचा महिना येतो. दुसऱ्या हाताने दिला तर बाईच कोणाच्या तरी मुठीत जाते. फरक औषधात नाही. कोणी विचारले, कोणी सांगितले आणि कोणी ठरवले, यात आहे.

५

आज या गोळीविषयी बाईला काय माहीत असायला हवे? ते येथे सरळच लिहितो, कारण वर्गात आपण ते सांगत नाही. एरवी नॉरएथिस्टेरोन ५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा, अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधीपासून घेतात; थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. तारीख उजाडल्यावर धावपळ करून उपयोग नाही. अशा प्रकारे घेतलेली गोळी गर्भनिरोधक नसते. या मात्रेत औषधाचा थोडा अंश शरीरात इस्ट्रोजेनसारख्या द्रव्यात बदलतो, म्हणून ज्यांना स्वतःला किंवा जवळच्या नात्यात रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास झाला आहे, ज्यांना यकृताचा विकार आहे, त्यांना ती धोक्याची ठरू शकते. लांबच्या प्रवासात तासन् तास एका जागी बसणे हे गुठळ्यांचे आणखी एक निमित्त. म्हणजे ज्या प्रवासासाठी गोळी घ्यायची, तो प्रवासही डॉक्टरांना सांगायला हवा. ज्या आधीपासून इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्या घेतात, त्यांना बहुधा वेगळी गोळी लागत नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने मधला खाडा गाळून पुढचे पाकीट सुरू करता येते. मैत्रिणीच्या पर्समधली उरलेली गोळी हा मात्र पर्याय नव्हे.

एवढी माहिती द्यायला अर्धे पान पुरले. ती कुजबुजीत का सांगितली जाते, हा खरा प्रश्न आहे. आमच्या ओळखीच्या एका औषधविक्रेत्याने सांगितले, की सहलींच्या दिवसांपेक्षा या गोळीला श्रावण-भाद्रपदात अधिक विचारणा होते. सत्यनारायण, मंगळागौर, गौरी-गणपती. घरात सून एकटी, नैवेद्य तिच्याच हातचा, आणि तारीख नेमकी त्याच आठवड्यात. म्हणजे विसाव्या शतकातल्या रसायनशास्त्राने ऋषिपंचमीच्या कहाणीला आव्हान दिलेच नाही. तिची सोय केली. पूर्वी बाई बाजूला बसे, आता पाळीला बाजूला बसवले जाते. विटाळ जिथल्या तिथेच आहे. चक्रधरांनी अर्थ बदलला होता, आपण तारीख बदलली. अर्थ बदलणे कठीण असते. तारीख बदलायला दुकानापर्यंत जावे लागते इतकेच.

आणि या क्रियापदाचे टोक पाहायचे असेल तर बीड जिल्ह्याकडे पाहावे लागेल. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी 'एक कोयता' म्हणून मोजतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. एक दिवस कामावर गेले नाही तर खाडा लागतो, म्हणजे दंड. फडात आडोसा नाही, पाणी नाही. तिथल्या हजारो बायकांची गर्भाशये काढली गेल्याचे २०१९ साली उजेडात आले आणि शासनाने विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. कारणे अनेक होती, खाजगी डॉक्टरांनी घातलेली भीती हे त्यांतले मोठे. पण पाळीचा खाडा नको, हेही त्यांत होते. गोळीच्या वेळापत्रकातला 'खाडा' आणि ऊसतोडीतला 'खाडा' हा एकच मराठी शब्द आहे. एका ठिकाणी तो गाळला तर सहल सुखाची होते. दुसऱ्या ठिकाणी तो गाळण्यासाठी अवयव गाळावा लागतो.

६

आता पुन्हा त्या सहलीकडे. आम्ही विषय बदलला होता, तरी आमच्यातल्या एका सहकारी बाईंनी दोन दिवसांनी त्या चौघींना बोलावून घेतले आणि गोळी का घ्यावीशी वाटते, एवढेच विचारले. आमचा समज होता, की देवळे आहेत, मठ आहे, म्हणून असेल. एकीचे कारण तेच होते; घरून बजावले होते. उरलेल्या तिघींचे उत्तर निराळे होते. गाडी कुठे थांबणार, हे त्यांना माहीत नव्हते. मागच्या वर्षीच्या सहलीत सात तासांत एकदाच गाडी थांबली होती, आणि तिथल्या स्वच्छतागृहाला कडी नव्हती.

सहलीचा आराखडा आम्हीच केला होता. त्यात लीळाचरित्राची पाठ्यपुस्तके होती, वहीत उतरवायचे मुद्दे होते, चहाच्या वेळाही होत्या. जी गोष्ट त्या मुली शरीरात औषध घालून सोडवू पाहत होत्या, ती आमच्या कागदावरच्या दोन ओळींनी सुटणार होती. आम्ही त्या दोन ओळी घातल्या. गाडी दर अडीच तासांनी थांबेल. थांब्याची जागा आधी फोन करून, विचारून ठरवलेली असेल. तिघींनी गोळी घेतली नाही. चौथीने घेतली, तो तिचा निर्णय होता आणि डॉक्टरांना विचारून घेतलेला होता, म्हणून आम्ही त्याविषयी काही बोललो नाही.

ऋद्धपूरला संध्याकाळी ओट्यावर बसून चक्रधरांचा तो विटाळाचा युक्तिवाद वाचून झाला, तेव्हा तिनेच विचारले : हे सातशे वर्षांपूर्वी सांगून झाले होते, तर मग मध्ये काय झाले? आम्हांला नीट उत्तर देता आले नाही. पुढे ढकलत आलो, एवढेच त्या क्षणी सुचले. असो.